हा उंदीर वेगळा वाटतोय? मुंबईत छोट्या सस्तन प्राण्याची ओळख कशी पटवायची

१८७७ साली कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी एका छोट्याशा चिचुंद्रीचं वर्णन छापलं. फर्डिनांड स्टोलिच्का या निसर्ग अभ्यासकाच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव ठेवलं सुंकस स्टोलिच्कानस, आणि जिथून हा नमुना आला ते ठिकाण नोंदवलं मुंबई. म्हणजे विज्ञानाला तोवर माहीत नसलेला एक छोटा सस्तन प्राणी या शहराच्या नावाने जगापुढे गेलेला आहे. त्यामुळे आरेच्या किंवा येऊरच्या जंगलात फिरताना काहीतरी चुटकन झाडीत शिरलं आणि "हे कधी पाहिलं नाही" असं वाटलं, तर त्या कुतूहलाला कोणी हसू नये.

पण कुतूहलापासून "नवीन जात" या दोन शब्दांपर्यंतची वाट लांब आहे, आणि ती नेमकी कशी चालायची हे नव्या मुलांना कोणी नीट सांगत नाही. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, दहा जणांनी दहा नावं सांगितली आणि विषय संपला, असंच बहुतेक वेळा होतं. माझं सांगणं एवढंच आहे: नवीन असणं हा अगदी शेवटचा निष्कर्ष. त्याआधी ओळखीची प्रत्येक जात पुराव्यासकट बाद करत जावं लागतं. हे काम मुंबईत बसून शिकता येतं, आणि त्यातला बराचसा भाग फुकट आहे.

पहिली पायरी: हा उंदीर आहे का, हे ठरवा

मुंबईत जमिनीवरून पळणारं छोटं, केसाळ, शेपटीवालं काहीही दिसलं की आपण उंदीर म्हणतो. चिचुंद्री उंदीर नाही. ती कीटक खाणाऱ्या वेगळ्या गणातली आहे आणि उंदरापेक्षा जाहकाला (काटेरी अंगाच्या हेजहॉगला) जास्त जवळची आहे. लांब, हलतं, टोकदार नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, शेपटीवर विरळ लांब केस आणि तो कस्तुरीसारखा उग्र वास. वास अंगाच्या बाजूला असलेल्या ग्रंथींचा. भिंतीच्या कडेकडेने चुकचुक आवाज करत जाणारी ती हीच. पिल्लं आईची आणि एकमेकांची शेपटीकडची बाजू तोंडात धरून ओळीने चालतात, हे चाळीत राहिलेल्या अनेकांनी पाहिलं असेल.

तोंड उघडलेला फोटो किंवा कवटी मिळाली तर शंकाच राहत नाही. उंदरांना पुढे वर-खाली एकेक जोडी पटाशीसारखे दात, मग मोकळी जागा आणि मागे दाढा. सुळे नाहीतच. चिचुंद्रीच्या तोंडात मोकळी जागा नसते, सगळीकडे टोकदार दात. वटवाघळाला ठसठशीत सुळे असतात. खार दात बघायच्या आधीच ओळखू येते, फक्त पाठीवरचे फिकट पट्टे तीन की पाच हे मोजायला विसरू नका, कारण त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

दुसरी पायरी: शेजारी राहणारे आधी पाठ करा

जो नेहमीचे पाच-सहा प्राणी झोपेतही ओळखतो, त्यालाच सातवा वेगळा दिसतो.

काळा उंदीर किंवा घरउंदीर (रॅटस रॅटस) म्हणजे माळ्यावर, पाइपवरून, वायरवरून चढणारा. शेपटी डोकं आणि धड मिळून जेवढी लांबी होते त्यापेक्षा लांब, कान मोठे, अंगाने सडपातळ. नाव काळा असलं तरी रंग तपकिरी असू शकतो, पोट राखाडी ते पांढरं काहीही. तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्वेजिकस) जाड, कान छोटे, शेपटी अंगापेक्षा आखूड. बंदरांच्या आसपास त्याची आठवण ठेवावी. छोटी घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) हीच आपल्या गटारांची आणि पदपथांची खरी मालकीण: चेहरा रुंद, शेपटी आखूड, बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग, चिडली की अंगावरचे राठ केस फुलवते आणि गुरगुरते. मोठी घूस (बँडिकोटा इंडिका) अर्ध्या किलोच्या वर सहज जाते. आणि घरातला अगदी छोटा उंदीर (मुस मस्क्युलस) जेमतेम १० ते २५ ग्रॅमचा. त्याची खूण दातात आहे: वरच्या पटाशीला बाजूने पाहिलं तर मागच्या कडेला एक खाच दिसते. घुशीचं किंवा उंदराचं पिल्लू आणि हा पूर्ण वाढलेला छोटा उंदीर यांत गोंधळ झाला की ही खाच बघायची. पिल्लाचं डोकं आणि पाय अंगाच्या मानाने मोठे असतात, हेही बघायचं.

शहर सोडून गवत-झुडपात गेलात की यादी बदलते. बोरूसारख्या काडीवर चढणारा, अंगापेक्षा खूप लांब शेपटीचा व्हँडेल्युरिया. वरच्या पटाशीवर उभी पन्हळ असलेला झुडपातला उंदीर गोलुंडा. टोचणाऱ्या केसांचे रानउंदीर. यांतला कुठलाही मुंबईकराला पहिल्यांदा दिसला तर तो "नवीन" वाटणारच. व्हँडेल्युरिया तर १८३२ सालापासून विज्ञानाला माहीत आहे, आणि तोही दख्खनमधूनच.

एक गोष्ट नव्यांनी मनात पक्की करावी. १८९६ च्या प्लेगनंतर, विशेषतः १९०५ पासून प्लेग आयोगाचं काम परळला चालू झाल्यावर, मुंबईचे उंदीर प्रचंड संख्येने तपासले गेले. तेव्हा दादरच्या चाळीतला उंदीर नव्या जातीचा निघण्याची शक्यता फारच कमी. माझ्या मते आशा ठेवायची तर ती चिचुंद्र्या, छोटी वटवाघळं आणि सह्याद्रीचे सुटे डोंगरमाथे इथे.

सिंहगडाचं उदाहरण यासाठी सांगण्यासारखं आहे. १९७५ साली मिश्रा आणि धांडा या पुण्याच्या संशोधकांनी तिथून मिलार्डिया कोंडाना हा मऊ केसांचा उंदीर नवीन म्हणून जाहीर केला. नाव गडाच्या जुन्या कोंढाणा या नावावरून. हजारो लोक जिथे पिठलं-भाकरी खायला चढत होते, त्याच माथ्यावर तो राहत होता. मैदानातल्या त्याच्या नात्यातल्या मऊ केसांच्या उंदरापेक्षा हा आकाराने मोठा आहे, हे मापं घेऊन आणि कवट्या शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा तो वेगळा ठरला.

हात लावण्याआधी

पावसाळ्यात लेप्टोने माणसं दगावतात हे मुंबईला सांगायला नको. उंदरांच्या मूत्रातून तो पसरतो, आणि बोटावरची बारीकशी जखम पुरते. मेलेला उंदीरही उघड्या हाताने उचलायचा नाही. रबरी हातमोजे, तोंडावर मास्क, काम मोकळ्या हवेत, नंतर साबणाने हात आणि जंतुनाशकाने जागा. मेलेल्या प्राण्याच्या अंगावरच्या पिसवा नवं अंग शोधत बाहेर पडतात, म्हणून प्राणी आधी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशवीत. वटवाघळाला, जिवंत असो वा मेलेलं, नवख्याने हात लावूच नये. चावलं किंवा ओरखडलं तर जखम भरपूर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारायचं.

कायद्याचं असं: घरातला उंदीर पिंजऱ्यात पकडणं वेगळं, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पिंजरा लावणं वेगळं. राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय एक पानही तोडायचं नाही, मग प्राणी तर दूरच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि उंदीर, फळं खाणारी वटवाघळं वगैरे ज्या उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते ती यादीच गेली. जुन्या लेखांत "हे तर उपद्रवी, काहीही करा" असं वाचलं असेल तर ते आता धरू नका. रानात मेलेला प्राणी सापडला तर फोटो आणि मापं घ्या, नमुना उचलायचा असेल तर आधी वन विभागाला कळवा.

परवानगी नसताना पकडलेल्या प्राण्यावरून जातीचा शोध जाहीर करता येत नाही, कारण कुठलंही चांगलं नियतकालिक परवान्याचा क्रमांक मागतं. नवख्याने म्हणूनच पिंजऱ्यापासून सुरुवात करू नये. फोटो, घरात किंवा रस्त्यावर मेलेले नमुने आणि घुबडाने ओकलेले हाडा-केसांचे गोळे एवढ्यावर बरंच शिकता येतं.

तिसरी पायरी: मापं आणि चिठ्ठी

नागदेवी स्ट्रीटला चांगला व्हर्नियर कॅलिपर मिळतो. सोनारांकडे असतो तसा एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पक्की पेन्सिल, चांगला जाड कागद. सुरुवातीला याहून जास्त काही नको.

प्राणी पाठीवर सरळ ठेवून पाच गोष्टी नोंदवा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत डोकं-धडाची लांबी. मुळापासून मांसल टोकापर्यंत शेपटी. टोकाचे केस मोजायचे नाहीत, आणि शेपटी तुटलेली असेल तर तसं लिहायचं. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मागचं पाऊल. कानाच्या खालच्या खाचेपासून वरच्या कडेपर्यंत कान. आणि वजन. मागच्या पावलाच्या मापात एक खोच आहे: काही जण नखासकट मोजतात, काही नखाशिवाय. दोन्ही पद्धती चालतात, पण तुम्ही कुठली वापरली हे लिहिलं नाही तर ते माप पुढे कोणाच्याच कामाचं राहत नाही.

मग लिंग, आणि मादी असेल तर स्तनाग्रांची संख्या. हे नवे लोक हमखास सोडतात. घरातल्या छोट्या उंदराच्या मादीला सहसा १०, तपकिरी उंदराच्या मादीला १२ आणि छोट्या घुशीला बहुधा त्याहून जास्त असतात, त्यामुळे ही एक मोजणी अर्धा वाद मिटवते.

फोटो वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, तोंड समोरून, मागच्या पावलाचा तळवा, त्यावरच्या गाद्या दिसतील असा, आणि प्रत्येक फोटोत फूटपट्टी. फ्लॅशमध्ये केसांचा रंग खोटा येतो, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात काढा.

आणि चिठ्ठी. ही मी सगळ्यांत महत्त्वाची मानते. तारीख, नेमकी जागा, जमल्यास अक्षांश-रेखांश, कुठल्या परिस्थितीत मिळाला, कोणी मोजला. पेन्सिलने, कारण नमुना ज्यात ठेवतात त्या स्पिरिटमध्ये शाई विरघळते. "बोरिवली" लिहून भागत नाही. कुठलं झाड, ओढा की इमारत, कितवा मजला, तेही लिहा. अँडरसनच्या वेळी नुसतं "मुंबई" चाललं. आज मला ती चिचुंद्री शहरात नेमकी कुठे मिळाली हे जाणून घ्यायचं असेल तर त्या एका शब्दावरून कळण्याचा मार्ग नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९११ ते १९२३ या काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतीय सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण केलं, त्यामागे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांची धडपड होती (मिलार्डिया हे नाव त्यांचंच). त्या सर्वेक्षणातल्या कातड्या आणि कवट्या आजही तपासता येतात, त्या प्रत्येकीला बांधलेल्या चिठ्ठीमुळेच. चिठ्ठी नसलेली कवटी म्हणजे नुसतं हाड.

चौथी पायरी: कवटी, आणि घुबडाची मदत

कातडीवरून जे ठरत नाही ते बहुधा दातांवरून ठरतं. कवट्या जमवायला प्राणी मारावे लागत नाहीत. गव्हाणी घुबड हे काम रोज रात्री करतं. उंदीर, चिचुंद्री अख्खी गिळतं आणि हाडं-केसांचा दाबलेला गोळा ओकतं. जुन्या गिरण्या, गोदामं, चर्चचे मनोरे, पाण्याच्या टाक्यांच्या खाली असे गोळे पडलेले मिळतात.

ज्या जागी घरटं आहे तिथे जाऊ नका, घुबड दिवसा बसलेलं असताना खाली खुडबुड करू नका, आणि कृपा करून ती जागा कुठेही जाहीर करू नका. दिवाळीच्या सुमाराला काळ्या जादूसाठी घुबडं पकडली जातात. एका फोटोखाली इमारतीचं नाव लिहिलं, एवढ्यावरून घुबडाचा जीव जाऊ शकतो.

गोळे जमिनीवरून हातमोजे घालून उचला, प्रत्येक भेटीचे वेगळ्या पाकिटात, पाकिटावर तारीख आणि जागा. काही दिवस डांबरगोळ्यांबरोबर बंद ठेवले की आतल्या अळ्या मरतात. मग बशीत कोमट पाणी, चिमटा, दोन सुया. केस भिजून सुटतात. कवटी आणि खालचे जबडे वेगळे काढून मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. हे सगळं मास्क लावून, आणि स्वयंपाकघरातली भांडी न वापरता.

आता मोजा. उंदीर-घुशींना एकूण १६ दात: चार पटाशी, बारा दाढा. चिचुंद्रीच्या कवटीला गालाच्या हाडाची कमान नसते, त्यावरून ती लगेच वेगळी काढता येते. मग खरी गंमत. वरच्या जबड्यात पुढच्या आकड्यासारख्या मोठ्या दाताच्या मागे छोट्या एकटोकी दातांची रांग असते. रांगेत चार असतील तर सुंकस, एकूण दात ३०. तीनच असतील तर क्रोसिड्युरा, एकूण २८. चौथा दात अतिशय बारीक आणि शेजारच्या मोठ्या दातामागे दडलेला असतो. भिंगाखाली कवटी फिरवून बघितल्याशिवाय "तीन" लिहू नका. त्या एका दाताने तुमचा प्राणी चुकीच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या चुकीच्या गटात, जाऊन बसेल.

एकाच प्राण्याच्या भरपूर कवट्या पाहिल्या की नजरेत एक आवाका तयार होतो: छोट्या घुशीची कवटी किती लहान ते किती मोठी असू शकते, दात किती झिजतात. हा आवाका हाताशी नसेल तर "वेगळं" म्हणायला आधारच नसतो.

पाचवी पायरी: स्वतःशी भांडा

प्राणी वेगळा वाटतोय म्हणजे काय काय असू शकतं, हे कागदावर लिहून एकेक खोडा. वय? घरातल्या नेहमीच्या चिचुंद्रीचे नर मादीपेक्षा ठळकपणे मोठे असतात, आणि तिची वाढणारी पिल्लं सुरुवातीला सांगितलेल्या छोट्या स्टोलिच्कानसएवढी दिसू शकतात. स्टोलिच्कानसच्या मानेभोवती फिकट पट्टा असतो, पण तोही दिसला-न दिसला असा. दातांची झीज बघा: दात कोरे आणि प्राणी छोटा, तर पिल्लू असण्याची शक्यता आधी धरा. दात झिजलेले आणि तरी प्राणी छोटा, तर मात्र प्रकरण पुढे न्यायचं. रंग? काळ्या उंदराच्या पोटाचा रंग आणि चिचुंद्रीचा राखाडी ते जवळपास काळा रंग यांनी मोठमोठ्यांना फसवलंय. जुन्या काळी रंगावरून दिलेली कितीतरी नावं पुढे रद्द झाली. आजार, खरजेने गेलेले केस, गाभण मादी, गटारातल्या तेलाने काळा झालेला उंदीर, सूज येऊन बदललेलं प्रेत, हे सगळं तपासा.

एकच नमुना असेल तर थांबा. त्याच जागेहून, त्याच लक्षणाचे, पूर्ण वाढलेले आणखी काही मिळेपर्यंत वहीत प्रश्नचिन्हासकट ठेवा.

सहावी पायरी: तुलना कुठे करायची

फोर्टमध्ये लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापना १८८३. तिथला सस्तन प्राण्यांचा संग्रह अभ्यासकांना पाहता येतो, पण आधी लेखी विनंती करून, वेळ ठरवून. जाताना वही, मापं, छापलेले फोटो आणि एक नेमका प्रश्न घेऊन जा. "हे काय आहे?" यापेक्षा "याच्या वरच्या जबड्यात चार एकटोकी दात आहेत, मागचं पाऊल तुमच्या अमुक नमुन्यापेक्षा लहान येतंय, शेजारी ठेवून बघू शकतो का?" असं विचारणाऱ्याला तिथली माणसं मनापासून वेळ देतात. दुसरं ठिकाण पुण्यात आकुर्डीला, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र.

संग्रहात बसून केलेल्या कामाला कमी समजू नका. दक्षिण अमेरिकेतला ओलिंग्विटो हा प्राणी २०१३ साली जाहीर झाला, त्याची कातडी आणि हाडं संग्रहालयांच्या खणांत कित्येक दशकं दुसऱ्याच नावाखाली पडून होती. लाओसमधला लाओनास्टेस २००५ साली जाहीर झाला. त्याचे नमुने बाजारात खाण्यासाठी विकायला ठेवलेले मिळाले होते.

जनुकीय तपासणी इथून पुढे येते, आधी नाही. सस्तन प्राण्यांत बहुधा सायटोक्रोम बी या जनुकाची तुलना करतात. त्यासाठी स्नायूचा छोटा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये हवा. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून डीएनए मिळवणं फार अवघड जातं, म्हणून घाईने फॉर्मालिनमध्ये काही बुडवू नका. काळा उंदीर आणि आशियाई रॅटस टानेझुमी बाहेरून जवळपास सारखे, पण गुणसूत्रं एकाची ३८, दुसऱ्याची ४२. युरोपातलं एक साधं पिपिस्ट्रेल वटवाघूळ १९९० च्या दशकात दोन जातींचं निघालं, कारण काहींचा आवाज ४५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि काहींचा ५५ च्या आसपास. मुंबईत संध्याकाळी दिव्याभोवती फिरणाऱ्या छोट्या वटवाघळांचे आवाज नोंदवणं हे हात न लावता करण्यासारखं, नव्यांसाठी उत्तम काम आहे.

शेवटची पायरी: वर्णन आणि नाव

सगळं खोडूनही प्राणी उरलाच, तर एकट्याने पुढे जाऊ नका. त्या गटावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला बरोबर घ्या. २०२१ साली अंदमानच्या नारकोंडम बेटावरून क्रोसिड्युरा नारकोंडॅमिका ही चिचुंद्री जाहीर झाली, तेव्हा शरीराची मापं, कवटी-दात आणि जनुकं या तिन्ही बाजूंनी पुरावा मांडलेला होता. भारतातून त्याआधी नवी चिचुंद्री वर्णन झाली होती ती १९७८ मध्ये.

लेखात एक नमुना जातीचा प्रमाण नमुना म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संस्थेत ठेवलाय हे सांगावं लागतं. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन जात सापडल्यास ठरवून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी नसताना नमुना किंवा त्याचा तुकडा परदेशी प्रयोगशाळेला पाठवू नका, कितीही चांगल्या ओळखीचा माणूस असला तरी.

नाव लॅटिनच्या नियमांनी चालतं. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर सहसा शेवटी आय, स्त्रीच्या नावावरून ए-ई. २०२१ साली ठाणे-कल्याण भागातून वर्णन झालेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं, ते २६/११ ला गिरगाव चौपाटीवर प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. जागेचं नाव द्यायलाही हरकत नाही. ते नाव आधी कोणी त्याच प्रजातीत वापरलेलं नाही ना, हे मात्र तपासा; आधीचं नाव असेल तर तेच टिकतं. फक्त इंटरनेटवर निघणाऱ्या नियतकालिकात लेख छापायचा असेल तर छापण्याआधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंदणी हवी आणि तिचा क्रमांक लेखात हवा, नाहीतर दिलेलं नाव ग्राह्य धरलं जात नाही.